दोन फुटांची जागा

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या घराची मागची भिंत छातीइतकीच उंच आहे. भिंतीपलीकडे विक्कीचं घर आणि घरामागे दहा बाय अठरा फुटांची उघडी जागा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती सगळी दिसते. भात शिजेपर्यंत माणूस खिडकीबाहेर बघणार नाही तर करणार काय? म्हणून सुशिलाबाईंबद्दल मी सांगते आहे त्यातलं निम्मं खिडकीतून पाहिलेलं आहे आणि निम्मं भिंतीवर कोपर टेकून ऐकलेलं.

सुशिलाबाई म्हणजे विक्कीची आई. साठीच्या थोड्या पुढे. सगळा जन्म सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यात गेला. विक्कीचे वडील वारल्यावर तीन वर्षं तिथंच एकट्या राहिल्या, मग गुडघ्यांनी ऐकेनासं केलं आणि गेल्या मे महिन्यात विक्की त्यांना इकडे घेऊन आला. विक्की राइस मिलमध्ये मशीनवर असतो. बायको चेतना, मुलगी प्राची नववीत. दोन खोल्यांत तिघं होते, आता चौघं झाले. टेम्पोतून सुशिलाबाईंचं सामान उतरलं ते एक पत्र्याची पेटी, पाण्याचा एक पितळी गुंड आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत तोंडापर्यंत भरलेली माती. दोन पोती.

"माती कुडव्यात भेटत नाही का, आई?" विक्की कपाळ पुसत म्हणाला. "टेम्पोवाला हसून राहिला माझ्यावर."

"हासू दे," सुशिलाबाई म्हणाल्या आणि पोत्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, जसं एखाद्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माती मागच्या जागेत ओतली. फावडं घेतलं नाही. बसून, हातांनी, चुरून चुरून पसरली. आमच्या भागातली माती पिवळट, मुरमाड. त्यावर ती काळी कन्हार माती ओल्या सावलीसारखी दिसत होती.

विक्कीच्या मनात त्या जागेवर खोली बांधायची होती. प्राचीची दहावी पुढ्यात, अभ्यासाला कोपरा नाही. त्याचं काही चुकत नव्हतं. आठवडाभर मायलेकांची बोलाचाली चालली, आणि एका रविवारी भिंतीपाशी मला साक्षीला ठेवून करार झाला.

"भाभी, तुम्ही ऐका," विक्की म्हणाला. "धानाची कापणी आटोपली की मिस्त्री लोक मोकळे होतात. तोपर्यंत टाइम देतो. या जागेतून घरापुरती भाजी निघाली, तर राहू दे हिची वाडी, मी काही बोलणार नाही. नाही निघाली, तर पाया खोदून सिमेंट टाकतो. मंजूर का, आई?"

"मंजूर."

"मग रडायचं नाही."

"मी कवा रडली रे तुह्यापुढे?" त्या म्हणाल्या. ते खरं होतं. त्यांना रडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. हसतानाही फारसं नाही.

मला वाटलं, म्हातारपणी हाताला काम हवं असतं, एवढंच. वनस्पतिशास्त्र घेऊन मी बी. एस्सी. केलं, आणि त्याचा उपयोग गेली वीस वर्षं गच्चीतल्या आणि अंगणातल्या भाजीला झाला. म्हणून जरा फुशारकीनंच मी माझी वांग्याची आणि मिरचीची रोपं भिंतीवरून त्यांना दिली. साठ रोपं वांग्याची. निवडून निवडून लावा, उरलेली कोणाला तरी द्या, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. चार फूट रुंद वाफा. त्यात त्यांनी पाण्याचा पाइप सोडून गुडघाबुडी नाही तरी घोट्याएवढा चिखल केला होता. लुगडं खोचून, कमरेत वाकून, डाव्या हातात रोपांची जुडी धरून त्या मागे मागे सरकत होत्या. उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जायची, यायची, परत जायची. डोकं एकदाही वर नाही. एका एका ठिकाणी तीन तीन रोपं आणि दोन ठिकाणांत एक वीतसुद्धा नाही. त्या वांगी लावत नव्हत्या, धान रोवत होत्या. चाळीस वर्षं दर पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या बाईचा हात दुसरं काय करणार? मला हसू आलं आणि लगेच ओसरलं, कारण दुखऱ्या गुडघ्यांच्या त्या बाईचा वेग असा होता, जणू पाठीमागून कोणी तरी येतं आहे.

मी भिंतीपाशी गेले. "मावशी, वांगं म्हणजे धान नव्हे. दोन झाडांत दोन फूट सोडावे लागतात. मिरचीला दीड. एका ठिकाणी एकच रोप. मुळांना पसरायला जागा हवी, पानांना ऊन हवं, मधून वारा खेळला पाहिजे. नाही तर झाड नुसतं उंच जातं, फळ धरत नाही."

त्यांनी शेवटची जुडी संपवली तेव्हा मान वर केली. "दोन फूट?"

"दोन फूट."

"एवढी जागा रिकामी ठेवू? कोनासाठी?"

त्यात थट्टा नव्हती. मी म्हणाले, "झाडासाठीच."

"झाड नाही उभं राहत रिकाम्या जागेत," त्या म्हणाल्या, आणि पाय धुवायला गेल्या.

पुढच्या दोन महिन्यांत मी म्हटलं तसंच झालं, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. वांगी कमरेएवढी वाढली, काठीसारखी किडकिडीत, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. खालची पानं पिवळी पडून चिखलात कुजली. बुंध्यांना पांढरी बुरशी. फूल यायचं आणि सावलीतच गळायचं. मिरचीची पानं आकसून वाटीसारखी झाली. मी रोज सांगायचे, मावशी, मधली मधली उपटा, अजून वेळ गेली नाही. त्या हो म्हणायच्या. एकदा मी पाहिलं, त्यांनी खरंच एक झुडूप उपटलं. मग त्या खड्ड्याकडे पाहत जागच्या जागी थिजल्या, घाईघाईनं पाच-सहा मेथीचे दाणे आणून त्यात पेरले आणि माती ओढून थापटली. कोथिंबीर, मेथी, राजगिरा, हाताला येईल ते त्या प्रत्येक फटीत पेरत होत्या. वाफ्यात बोट घालायला जागा उरली नव्हती.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, म्हणजे शेतात बायका पाणी प्यायला उठतात त्या वेळी, त्या वाफ्याकडे पाठ करून बसायच्या. घरात जात नसत. तिथंच पायरीवर बसायच्या, पण पाठ करून.

पोळा होऊन गेला, गणपती बसले आणि उठले. एके दिवशी विक्की कामावर निघता निघता वाफ्यापाशी थांबला. "कितनी भाजी निकली, आई?"

"निघन."

"दोन महिन्यांत मेथीची एक जुडी खाल्ली आपण. तीपण कडू होती." तो चिडून बोलत नव्हता, तेच जास्त लागलं. "मी बकाराम मिस्त्रीला सांगून ठेवतो."

तो गेला. चेतना प्राचीच्या डब्याच्या गडबडीत होती. मी भिंतीपाशी गेले तर सुशिलाबाई वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसून काळी माती मुठीत घेत होत्या, सोडत होत्या.

"मावशी, अजून वेळ आहे," मी म्हणाले. "हे सगळं काढून टाकू. माझ्याकडे नवीन रोपं तयार आहेत. सहा-सातच लावू, नीट जागा सोडून. कापणीपर्यंत फळ धरेल. पण तुम्ही जागा सोडत का नाही, ते सांगा मला आधी."

त्यांनी मुठीतली माती परत वाफ्यात सोडली. मग मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "जागा सोडली का ती येते."

"कोण?"

"धनवंता. माही धाकटी जाऊ."

भिंतीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला त्या. भर सकाळ होती, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्या फार तुटक बोलल्या. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची रोवणी. अकरा बायकांची रांग. रोवणीत प्रत्येकीची आपली एक पट्टी असते, तिला पात म्हणतात. सगळ्या एका ओळीत वाकतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. पुढे असतं ते रोवलेलं, पाठीमागे मोकळा चिखल. एखादी पाणी प्यायला किंवा लेकराला पाजायला उठली की शेजारची तिची पात सांभाळते, ओळ तुटू देत नाही. मात्र तिच्यासाठी दोन-चार रोपांची जागा सोडून ठेवते. परत आली की ती त्या जागेत शिरते आणि पुढचं हातात घेते. तसा रिवाज.

धनवंताचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. सकाळपासून ती मागे पडत होती आणि सुशिलाबाई स्वतःची पात सांभाळून तिचीही अर्धी ओढत होत्या. बाकीच्या बायका टोमणे मारत होत्या, तुही जाऊ पाहुणी आली वाटते. साडेदहा-अकराच्या सुमाराला आभाळ काळं झालं. धनवंता पाणी प्यायला उठली.

"मले राग आल्ता," सुशिलाबाई म्हणाल्या. "मी तिची पात भरून टाकली. सारी. एका रोपाची जागा नाही ठेवली."

धनवंता परत आली. चिखलातून मागून आली, म्हणून दिसली नाही. वाकलेल्या सुशिलाबाईंना शेजारी फक्त तिचे पाय दिसले. घोट्यापर्यंत चिखल, त्यात जोडवी.

"म्हने, बाई, माही जागा भरली काऊन वं? मी म्हन्लं, रिकामी ठेवू त कोनासाठी? वर नाही पाह्यलं मी. हात नाही थांबवला. ते हासली. हासली का रडली, कोनास ठाऊक, पन आवाज हासल्यासारखा आला. अना पाय गेले."

पाय गेले ते धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली. जागा नव्हती तर ती करणार काय, पाऊस उतरायची वाट पाहत बसली. वीज त्याच झाडावर पडली.

दीर दुसऱ्या वर्षी परत बोहल्यावर चढले. धनवंताला मूलबाळ नव्हतं, फोटो नव्हता, तिची लुगडी नव्या जावेनं नेसून फाडली. मोहाचं झाड कापलं गेलं. उरला होता तेवढा धुरा. त्या धुऱ्याची माती सुशिलाबाईंनी दोन पोत्यांत भरून आणली होती.

"ते माह्यासंग आली इथवर," त्या म्हणाल्या. "तिच्या वर सिमेंट कसं टाकू देऊ, बाई? अना जागा सोडाले भेव वाटते. कराव त काय कराव?"

कॉलेजात शिकलेलं सगळं त्या क्षणी दोन पैशांचं नव्हतं. वाफा भरून टाकला तर भाजी येणार नाही आणि भाजी आली नाही तर धनवंतावर सिमेंट पडणार. आणि भाजी यायची तर जागा सोडायची, तिला उभं राहू द्यायचं. एवढं मात्र मला दिसत होतं. मी हळूच म्हणाले, "मावशी, ती जागाच मागत होती ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलले ते चूक की बरोबर, मला आजही कळलेलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही वाफा मोकळा केला. मी भिंतीला शिडी लावून पलीकडे उतरले. जुनी झाडं उपटली तेव्हा त्यांची मुळं एकमेकांत इतकी विणली होती की एक ओढलं की चार येत. माती दोन दिवस तापू दिली, शेणखत मिसळलं, मग मोजपट्टी घेऊन बसले. चार फुटांच्या वाफ्यात वांग्याच्या दोन ओळी. कडेपासून एक फूट, दोन ओळींत दोन फूट, आणि एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल असं, म्हणजे प्रत्येकाला चहूबाजूंनी सारखी मोकळीक. प्रत्येक ठिकाणी मी काडी रोवत गेले. सात काड्या. मग सात खड्डे, सात रोपं. वाफा असा उघडा दिसत होता की चेतना दारातून म्हणाली, "भाभी, बस इतनेही?"

"इतनेही," मी म्हणाले.

लावायचं काम मी सुशिलाबाईंवर सोडलं. त्यांनी पहिलं रोप लावलं, माती दाबली. दुसऱ्याकडे सरकताना मधल्या मोकळ्या जागेवरून त्यांचा हात असा गेला, जसा तव्यावरून नेतात. चौथ्या रोपापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम होता. सातवं झालं तेव्हा त्या उठल्या, पाइपाखाली पाय धुतले, परत धुतले, आणि आत जाऊन निजल्या. भर दुपारी बारा वाजता.

त्या दिवसापासून त्या वाफ्याकडे तोंड करून बसू लागल्या. मान मात्र खाली. दहा वाजले की पायरीवर येत, अकराला उठत. पाणी घालायला मला बोलावत. मी पलीकडे उतरून झारीनं पाणी घालायचे आणि स्वतःला सांगायचे की, रेणू, तू विज्ञान शिकली आहेस. त्यांची नजर जिथं खिळायची ती तिसऱ्या आणि चौथ्या रोपामधली जागा इतर जागांसारखीच होती. तितकीच ओली, तितकीच काळी. तरी तिथं पाणी ओतताना माझा हात आपोआप सावकाश व्हायचा, कोणाच्या पायांवर पाणी उडू नये म्हणून व्हावा तसा.

एकदा मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. कार्तिकातलं कोवळं ऊन होतं. वांग्यांना पहिली जांभळी फुलं लागली होती. वारा नव्हता.

"आली आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, पाहुणा आल्याचं सांगावं तसा.

मी पाहिलं. पानांची सावली. एक मुंगी. दुसरं काही नाही.

"पाय दिसतात?"

"पायच दिसते. वर नाही दिसत."

"मग मान वर करा ना, मावशी. एकदा तिच्या तोंडाकडे पाहा. त्या दिवशी पाहिलं नाही, तेच तर सलतं आहे तुम्हाला."

त्यांनी गुडघ्यांवर हात दाबून धरले. "अना तोंड पाह्यलं अना ते हासत असन त?"

तापाच्या अंगानं, जागा नाही म्हणून हसत निघून जाणाऱ्या एका पोरीचं तोंड मलाही पाहवलं नसतं. अकरा वाजले तशा त्या उठल्या. मी मात्र बसून राहिले, का ते माहीत नाही. आणि जेव्हा उठले तेव्हा वाफ्याकडे पाठ करायला मला बरं वाटेना. उलट्या पावलांनी मी शिडीपर्यंत गेले.

यंदा कापणी लवकर उरकली. वांगी अंगठ्याएवढी झाली होती, सात झाडांवर मिळून पंधरा-वीस असतील, अजून आठ-दहा दिवसांनी तोडायजोगी झाली असती. पण नोव्हेंबर संपायच्या आतच विक्की बकाराम मिस्त्रीला घेऊन आला. बकाराम अर्जुनीच्याही पलीकडल्या गावचा, धानाचं काम सरलं की इकडे बांधकामावर येणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. हातात सूत, ओळंबा आणि पिशवीत चुन्याची फक्की.

"विक्की, आठ दिवस थांब," मी भिंतीवरून म्हणाले. "झाडं बघ ना कशी धरली आहेत."

"भाभी, टाइम झाला म्हणजे झाला. आठ दिवसांनी मिस्त्री दुसरीकडे लागेल." त्यानं आईकडे पाहिलं नाही. "कापणीपर्यंत दिला होता, कापणी आटोपली."

सुशिलाबाई पायरीवर बसल्या होत्या. साडेदहा झाले असतील. बकारामनं एका कोपऱ्यात खुंटी ठोकली, सूत बांधलं आणि दुसऱ्या टोकाकडे जायला वाफ्यात पाय टाकला. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्या आणि चौथ्या झाडाच्या मध्ये तो सूत ताणायला थांबला.

"तेथी नोको उभा राहू गा," सुशिलाबाई म्हणाल्या.

"झाडाले धक्का नाही लावत, आई."

"झाडाचं नाही म्हनत मी. तेथी माही जाऊ उभी राहते."

चेतनानं पदर तोंडाशी नेला. प्राची दारात आली होती, ती तिथंच थांबली. विक्की म्हणाला, "आई, काय बोलून राहिली?"

बकाराम हसला नाही. त्यानं आधी खाली पाहिलं, मग पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं, मागे मागे पाय ठेवत, वाफ्याबाहेर निघाला. बाहेर येऊन चपला खाली ठेवल्या. "कोनत्या सालची?" त्यानं विचारलं, जसं विहिरीबद्दल विचारावं.

सुशिलाबाईंनी साल सांगितलं. मग रोवणी सांगितली, पात सांगितली, जागा भरून टाकल्याचं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत, पण या वेळी चार माणसांपुढे. विक्की ऐकत होता. वीज पडली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, काकी विजेनं गेली एवढंच त्याला ठाऊक होतं.

"मले कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. इतकी वर्षं गोंदियात राहून पुसट झालेली त्याची बोली एकदम परत आली होती.

"तू कधी पुसलं?"

बकारामनं आपली सब्बल, म्हणजे पहार, उचलली. वाफ्याच्या कडेला, जिथं ती काळी माती पसरली होती तिथं वीतभर खणलं, चिमूटभर माती बोटांत चोळली, थुंकी लावून वळून पाहिली. मग विक्कीला म्हणाला, "भाऊ, हे कन्हार आहे. पावसात फुगते, उन्हात फाटते. पाया नाही धरनार. तुमची भिंत दोन वर्षांत चिरा पाडन."

"मिस्त्री," विक्की हळूच म्हणाला, "इथं सगळीकडे मुरूम आहे. चार महिन्यांपूर्वी त्या पलीकडच्या घराचा पाया तूच भरला."

"तो त्यायचा होता," बकाराम सूत गुंडाळत म्हणाला. "तुमचा नाही धरनार. वरती चढवा खोली. स्लॅब मजबूत आहे, मी पाह्यला येतानी."

विक्की वाफ्याकडे पाहत होता, तिसऱ्या आणि चौथ्या झाडाकडे. त्याला काही दिसलं असेल असं नाही. पण तो एक पाऊल मागे सरकला. मग प्राची दारातून म्हणाली, "बाबा, वरतीच बांधा ना. वर मोबाइलला रेंज चांगली भेटते."

"अभ्यासाची खोली आहे का रेंजची?" चेतना म्हणाली, आणि तेवढ्यावर सगळ्यांचा श्वास मोकळा झाला.

खोली गच्चीवर बांधली. बकाराम रोज जिना चढायच्या आधी वाफ्यावरून नजर टाकायचा आणि मागच्या बाजूनं कधी गेला नाही, रेती-सिमेंट सगळं पुढून चढवलं. वांगी पौषापर्यंत निघत राहिली, सात झाडांची, इतकी की विक्की डबा उघडून म्हणायचा, आज पण वांगंच? सुशिलाबाई स्वतः तोडायच्या. मोकळ्या जागेत पाय ठेवत नसत, वळसा घालून जायच्या. मी कधी विचारलं, भेव गेलं का, तर म्हणायच्या, "नाही. भेव काऊन जाईन? ते बी नाही गेली."

जानेवारीत शेजारचा, आधी मिरची होती तो वाफा रिकामा होता. मी म्हणाले, आता कांदा लावू. कांद्याला फार जागा लागत नाही, दोन रोपांत चार बोटं पुरे. रोवणीसारखंच काम, तुमच्या हातचं. त्यांनी जुडी डाव्या हातात धरली, लुगडं खोचलं, वाकल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, हात धानाच्या चालीनं चालू लागला. तिसऱ्या ओळीत मधेच थांबल्या.

"चार बोटं?"

"चार बोटं."

"मंग ते कोठी उभी राहीन?"

तिकडच्या वाफ्यात आहे की जागा, असं मी म्हणू शकले असते. म्हणाले नाही. दहा वाजून गेले होते. वरच्या खोलीत प्राची मोठ्यानं भूगोल पाठ करत होती. मी घरातून मोजपट्टी आणली, वाफ्याच्या मधोमध दोन फूट लांब, दोन फूट रुंद मोजले आणि चार कोपऱ्यांना चार काड्या रोवल्या. त्या काड्यांच्या बाहेर कांदा लावायला सुशिलाबाईंनी परत सुरुवात केली. काड्यांपाशी पोचल्या तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी मान जराशी तिरकी केली, जशी शेजारची काही बोलते आहे ते ऐकायला वाकलेली बाई करते. मी तिकडे पाहिलं नाही. उरलेली जुडी हातात घेऊन मी त्यांच्या शेजारी वाकले.